अमायलेज नॉर्मल होतं तरी

"अमायलेज आणि लायपेज दोन्ही नॉर्मल, म्हणजे स्वादुपिंड ठणठणीत," असं मला स्वादुपिंडाच्या ऑपरेशननंतरच्या काळात ज्यांनी ज्यांनी सांगितलं, त्यांत शेजारी होते, औषधाच्या दुकानाचे मालक होते आणि एक डॉक्टरही होते. तेव्हा माझं वजन ५८ किलोंवरून ४४ वर आलं होतं. हातातल्या बांगड्या कोपरापर्यंत सरकायच्या. कुणी वाईट हेतूनं बोलत नव्हतं. कागदावर या दोन पाचक द्रव्यांचे आकडे नॉर्मलच्या रकान्यात बसलेले दिसले की माणसाला धीर द्यावासा वाटतोच.

मी देवगड तालुक्यात हायस्कूलला गणित शिकवते. आकड्यांशी माझा जन्माचा व्यवहार, तरी रक्ताच्या रिपोर्टातले आकडे कसे वाचायचे हे मला या आजारानं शिकवलं. हे लिहिते आहे ते अशाच ऑपरेशनमधून गेलेल्यांसाठी आणि त्यांच्या घरच्यांसाठी. विशेषतः जे मोठ्या शहरापासून लांब राहतात आणि ज्यांच्या हातात दर वेळी नवाच कागद येतो, त्यांच्यासाठी.

आजाराची सुरुवात थोडक्यात सांगते. शिमग्याच्या सुमारास डोळे पिवळे झाले, अंगाला खाज सुटली, पोटात मात्र काहीच दुखत नव्हतं. कावीळ म्हटल्यावर आमच्याकडे औषध सुचवणाऱ्यांची कमी नाही. कुणी पाला सांगितला, कुणी अमक्या गावच्या वैद्याकडे जायला सांगितलं. आमचे हे या बाबतीत हट्टी. ते मला सरळ कणकवलीला सोनोग्राफीला घेऊन गेले. पित्तनलिका फुगलेली दिसली, मग सीटी स्कॅन झाला, आणि पित्तनलिका जिथे आतड्यात उघडते तिथे गाठ असल्याचं कळलं. कोकणकन्येनं मुंबई गाठली आणि तिथे व्हिपल ऑपरेशन झालं.

ॲलन व्हिपल या अमेरिकन सर्जनांनी १९३५ साली या ऑपरेशनची माहिती प्रसिद्ध केली, म्हणून त्यांचं नाव त्याला चिकटलं. यात स्वादुपिंडाचं डोकं, लहान आतड्याचा सुरुवातीचा भाग म्हणजे ड्युओडेनम, पित्ताशय आणि पित्तनलिकेचा खालचा तुकडा काढतात. कधी जठराचाही थोडा भाग जातो. मग उरलेलं स्वादुपिंड, पित्तनलिका आणि जठर आतड्याला नव्यानं जोडतात. माझी गाठ लवकरच्या टप्प्यात होती, केमो लागली नाही. सर्जननी घरी पाठवताना सांगितलं होतं की उरलेलं स्वादुपिंड काम करेल, पण किती करेल हे बघत राहावं लागेल. ते "बघत राहावं लागेल" म्हणजे नेमकं काय बघायचं, हे डिस्चार्जच्या घाईत ना त्यांनी उलगडलं, ना आम्ही विचारलं. आमच्या डोक्यात तेव्हा एकच प्रश्न होता, गाठ परत येणार का?

त्या प्रश्नासाठी एक वेगळी रक्ततपासणी असते, सीए १९-९. तिचा आणि स्वादुपिंडाच्या कामाचा काही संबंध नाही, हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्या नात्यातल्या एकांनी ती नॉर्मल आल्यावर पेढे वाटायला काढले आणि मला म्हणाले, "आता स्वादुपिंड शंभर टक्के." सीए १९-९ गाठीच्या मागावर राहण्यासाठी बघतात. कावीळ असतानाही ती वाढलेली दिसते, आणि काही लोकांच्या रक्तात हा पदार्थ मुळात तयारच होत नाही. ती नॉर्मल आल्याचा आनंद मला होताच. पण जेवलेलं अंगाला का लागत नाही, याचं उत्तर त्यात नव्हतं.

आता जरा संकोचाचं. शौचाबद्दल आपल्याकडे कुणी उघड बोलत नाही, आणि डॉक्टरांनी "पोट साफ होतं ना?" विचारलं की आपण "हो" म्हणून मोकळे होतो. साफ तर होतच होतं, दिवसातून चार-पाच वेळा. फिकट, पसरट, तेलाचा तवंग असलेलं, पाणी ओतलं तरी भांड्याला चिकटून राहणारं, आणि वास असा की नंतर दुसऱ्या कुणाला आत जाऊ द्यायची लाज वाटावी. पोट सतत फुगलेलं असायचं. घरी सगळ्यांचा समज असा की पोटाचं ऑपरेशन झालंय तर हलकं खायला हवं. म्हणून सकाळी पेज, दुपारी मऊ भात आणि कुळथाची पिठी, रात्री पुन्हा पेज. नारळ बंद, मासे बंद. सासूबाई ज्या मायेनं ती पेज पुढ्यात ठेवायच्या, तिला नाही म्हणवत नव्हतं. बाजारात कुणी भेटलं की ठरलेलं वाक्य, "बाई, किती बारीक झालंस गो! जेवक गावना नाय काय?"

त्याच काळात एचबीएवनसी, म्हणजे गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या सरासरी साखरेची तपासणी केली. ५.९ आली. ऑपरेशननंतर मधुमेह होऊ शकतो असं सांगितलेलं असल्यामुळे घरात सुटकेचा नि:श्वास. सासूबाईंनी ग्रामदेवतेपुढे नारळ ठेवला. त्या ५.९ वर पुढे परत येते, कारण सगळ्यात मोठा चकवा तिथेच होता.

शेवटी फोंडा घाटातून कोल्हापूरला एका पोटविकारतज्ज्ञांकडे गेलो. त्यांनी फाईल बाजूला ठेवली आणि आधी मघाशी सांगितला तो सगळा संकोचाचा तपशील विचारून घेतला. मग अमायलेज-लायपेजचा कागद बघून म्हणाले, "हे चांगलं आहे, पण तुमचा प्रश्न याच्यात नाही."

त्यांचं म्हणणं असं. अमायलेज आणि लायपेज ही स्वादुपिंडाची पाचक द्रव्यं, त्यांची जागा आतड्यात. रक्तात ती थोडी झिरपतात. स्वादुपिंडाला सूज आली, पेशी फुटल्या, की रक्तात एकदम वाढतात, म्हणून स्वादुपिंडाची तीव्र सूज ओळखायला ती उपयोगी. पण आतड्यात रोज किती रस उतरतो ते रक्तातल्या पातळीवरून ठरवता येत नाही. शिवाय अमायलेज लाळग्रंथींतूनही येतं. मी घरी येताना हे माझ्या भाषेत असं मांडलं. घागर गळायला लागली की अंगण ओलं होतं, पण अंगण कोरडं आहे एवढ्यावरून घागर भरलेली आहे असं म्हणता येत नाही. हे नंतर मी सासूबाईंना सांगितलं तेव्हा त्यांना ते लगेच पटलं. डॉक्टरांच्या बोलण्यावर त्यांचा इतका विश्वास बसला नसता.

मग "स्वादुपिंड किती चालतंय" याची थेट रक्ततपासणी कुठली? मी हाच प्रश्न केला. रोजच्या वापरातली अशी एकच तपासणी नाही, म्हणाले. स्वादुपिंडाची कामं दोन. एक पाचक रस सोडण्याचं, दुसरं इन्सुलिन आणि त्याची भावंडं असलेले हार्मोन सोडण्याचं. पहिल्याचा अंदाज रक्तात आडवाटेनं घ्यावा लागतो. चरबी पचली नाही तर चरबीबरोबर शोषली जाणारी अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वं कमी पडतात, अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन, मॅग्नेशियम, झिंक उतरतात. दुसऱ्याचा अंदाज साखर, एचबीएवनसी आणि इन्सुलिनबरोबर सुटणारं सी-पेप्टाइड यांवरून. आणि पहिल्या कामाची त्यातल्या त्यात थेट तपासणी रक्ताची नाहीच, शौचाची, फीकल इलॅस्टेज, म्हणजे शौचात उतरलेलं स्वादुपिंडाचं एक पाचक द्रव्य मोजणारी. त्यांनी पानभर यादी लिहून दिली.

ती यादी घेऊन मी गावातल्या कलेक्शन सेंटरवर गेले तर तिथला टेक्निशियन माझाच जुना विद्यार्थी निघाला. शाळेत भूमितीत कायम गडबड करणारा हा मुलगा नळ्यांच्या बाबतीत मात्र असा काटेकोर की मला त्याचं फार कौतुक वाटलं. "बाई, हात सैल सोडा," म्हणून त्यानं सुई घातली आणि एकामागून एक नळ्या भरल्या. निळ्या झाकणाची आधी. ती प्रोथ्रॉम्बिन टाइमसाठी, म्हणजे रक्त किती वेळात गोठतं ते बघायला; तिच्यात रक्त गोठू न देणारं सायट्रेट असतं, नऊ भाग रक्ताला एक भाग, म्हणून खुणेपर्यंत भरलीच पाहिजे. कमी भरली तर रक्त गोठायला लागणारा वेळ खोटा जास्त दिसतो. मग सीरमच्या, म्हणजे रक्त गोठल्यावर वेगळ्या होणाऱ्या पाण्याच्या नळ्या. जांभळ्या झाकणाची सीबीसी आणि एचबीएवनसीसाठी, राखाडी झाकणाची साखरेसाठी, कारण तिच्यातल्या फ्लोराइडमुळे नळीतल्या पेशी साखर खात बसत नाहीत. अ जीवनसत्त्वाच्या नळीला त्यानं चांदीचा कागद गुंडाळला, उजेडानं ते नासतं. सी-पेप्टाइडचं सीरम वेगळं करून लगेच गोठवायचं होतं.

सुई टोचण्याआधी त्यानं विचारलं होतं, "केसांसाठी काही गोळ्या चालू आहेत का? बायोटिन वगैरे?" ऑपरेशननंतर केस मूठमूठ गळत होते, त्यामुळे चालू होत्याच. "मग आज नको," म्हणाला. काही यंत्रांच्या रसायनांतच बायोटिन वापरलेलं असतं. रक्तात ते जास्त असलं की सी-पेप्टाइडसारखी तपासणी खोटी कमी दाखवू शकते. गोळ्या थांबवून काही दिवसांनी परत बोलावलं. एवढं विचारणारा माणूस आपल्या गावात असणं हे मी नशीब समजते. मोठ्या शहरात मला हे कुणी विचारलं नव्हतं.

पहिलं सँपल मात्र फुकट गेलं. आषाढात घाटात दरड कोसळली, सँपल नेणारी गाडी रात्रभर अडकली, बर्फाच्या पिशव्यांचं पाणी झालं. विद्यार्थ्याचा फोन आला, "बाई, परत उपाशीपोटी या." लॅबनं ते सँपल नाकारलं. त्या वेळी मी वैतागले, पण बिघडलेल्या सीरमवर काढलेला आकडा हाती आला असता तर त्यावर उपचार ठरले असते. कोकणात राहून अशा तपासण्या करायच्या तर पावसाळ्यात एक जास्तीची फेरी धरूनच चालावं.

रिपोर्ट आले ते असे.

ड जीवनसत्त्व ९. किमान २० तरी हवं. हे वाचून स्टाफरूममध्ये मोठी चर्चा झाली. समुद्रावर राहून, वर्षाचे आठ महिने ऊन खाऊन ९ कसं? खरं तर ड कमी असणं आपल्या देशात इतकं सरसकट आहे की एकट्या त्या आकड्यावरून स्वादुपिंडाबद्दल काही म्हणता येत नाही. मी दिवसभर वर्गात असते, बाहेर पडले तर छत्री. डॉक्टरांनी त्याला एकट्यानं महत्त्व दिलंही नाही. त्यांचं बोट होतं ते अ, ड, ई, के या चौघांच्या एकत्र घसरणीवर.

अ जीवनसत्त्व १८. लॅबची किमान मर्यादा ३० होती. हा आकडा बघितल्यावर एक गोष्ट उलगडली. आमच्या घराकडे उतरायला जांभ्या दगडाची पाखाडी आहे. गेले काही महिने तिन्हीसांजेला त्या पायऱ्या मला नीट दिसत नव्हत्या, पाय चाचपडत टाकावा लागे. मी ग्रामपंचायतीच्या दिव्याला नावं ठेवत होते आणि चष्म्याचा नंबर बदलून घ्यायचा विचार करत होते. डॉक्टर म्हणाले, अंधारात दिसायला जे रंगद्रव्य लागतं ते या जीवनसत्त्वापासून बनतं. रक्तातला हा आकडा बघतानाही शेजारी सीआरपी ही सूज दाखवणारी तपासणी बघावी लागते, कारण अंगात कुठे जंतुसंसर्ग किंवा सूज असेल तर तो तात्पुरता खाली येतो. माझी सीआरपी नॉर्मल होती, म्हणजे कमतरता खरी.

ई जीवनसत्त्वाचं पटकन सांगते. ते रक्तातल्या चरबीबरोबर फिरतं, म्हणून कोलेस्टेरॉल बघून त्याचा अर्थ लावतात. माझं दोन्ही खाली होतं आणि गुणोत्तर जेमतेम.

के जीवनसत्त्वाचा आकडा थेट काढला नाही. त्याऐवजी प्रोथ्रॉम्बिन टाइम. रक्त गोठवणारे काही घटक यकृतात बनतात आणि त्यांना तयार व्हायला हे जीवनसत्त्व लागतं. तो आयएनआर या गुणोत्तरात सांगतात. माझा आयएनआर १.६, निरोगी माणसाचा १ च्या आसपास. दात घासताना रक्त येत होतं, दंडावर कुठेही निळे डाग उमटत होते, त्याचं कारण हे. पण आयएनआर यकृत बिघडलं तरी वाढतो, आणि माझी तर पित्तनलिका नव्यानं जोडलेली. मग कसं ओळखायचं? डॉक्टरांनी के जीवनसत्त्वाची इंजेक्शनं दिली आणि दोन-तीन दिवसांनी पुन्हा निळी नळी भरली. आयएनआर १.१. यकृताकडे कच्चा माल पोचताच त्यानं काम केलं, म्हणजे यकृत धड आहे, माल पोचत नव्हता. मला ही तपासणी सगळ्यात आवडली. एका समीकरणात दोन अव्यक्त असतील तर दुसरं समीकरण लागतं, हे मी नववीच्या वर्गाला दर वर्षी सांगते.

अल्ब्युमिन ३.१, मॅग्नेशियम किंचित कमी, झिंक कमी. फेरिटिन, म्हणजे साठ्यातलं लोह दाखवणारा आकडा, ८, हिमोग्लोबिन ९.८. लोहाचा दोष मात्र पाचक रसाचा नव्हे. लोह मुख्यतः ड्युओडेनममध्ये शोषलं जातं आणि माझं ड्युओडेनम मुंबईलाच राहिलं.

इलॅस्टेजची डबी भरून देण्याची कसरत वर्णन करत नाही. आकडा आला ४२. दर ग्रॅमला २०० मायक्रोग्रॅमच्या खाली कमतरता, १०० च्या खाली मोठी कमतरता. अगदी पातळ शौचाचं सँपल असेल तर पाण्यामुळे तो खोटा कमी येतो, आणि व्हिपलनंतर या तपासणीवर इतर रुग्णांइतका भरवसा ठेवत नाहीत. तरी ४२, तवंग, वजन आणि जीवनसत्त्वं सगळी एकाच दिशेला बोट दाखवत होती.

उपाय म्हणजे पॅन्क्रिॲटिनच्या कॅप्सूल. डुकराच्या स्वादुपिंडापासून बनवलेल्या असतात. हे मी घरात लपवलं नाही. सासूबाई थोडा वेळ गप्प बसल्या, मग म्हणाल्या, "औषधाक विटाळ नसता." विषय संपला. एका कॅप्सूलमध्ये लायपेजची २५,००० युनिटं. जेवणाला दोन, मधल्या खाण्याला एक, असं सुरू केलं. पहिल्या घासाबरोबर एक आणि जेवणाच्या मध्यावर दुसरी. जेवण झाल्यावर घेऊन उपयोग नाही, कारण कॅप्सूल अन्नात मिसळायला हवी. कोरा चहा, कोकम सरबत, नुसतं फळ यांना लागत नाही. लायपेज आम्लात मरतं, म्हणून जोडीला आम्ल कमी करणारी गोळी. बाटली उन्हात, गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवायची नाही.

आणि आहाराचा सल्ला ऐकून तर मी चकितच झाले. पेज बंद करा, म्हणाले. चरबी टाळू नका, ती पचवायची सोय करा. मग घरात पुन्हा नारळ खवला गेला. बांगड्याच्या तिकल्यावर मी पहिल्यांदा दोन कॅप्सूल घेऊन बसले तेव्हा हे समोर घड्याळ लावून बसल्यासारखे बघत होते. काही झालं नाही. नारळाचं घट्ट वाटण असेल तर तीन लागतात, हे पुढे अनुभवानं आणि डॉक्टरांना विचारून ठरलं. भांड्याला चिकटणं थांबलं, पोट फुगणं कमी झालं, आणि वजनाचा काटा महिन्याभरात वर सरकू लागला.

आता त्या ५.९ कडे येते.

कॅप्सूल सुरू झाल्यावर काही आठवड्यांत उपाशीपोटीची साखर वाढायला लागली. ११०, मग १३०, मग १४८. घरात गोंधळ. औषधानं मधुमेह झाला का? जी सुधारणा चालली होती तिला नजर लागली का? खरी गोष्ट उलटी होती. आधी खाल्लेलं अन्न पचतच नव्हतं, रक्तात साखर यायची कुठून? आता ते पचायला लागलं आणि त्याचा भार उरलेल्या स्वादुपिंडावर पडला. पहिल्या वेळची एचबीएवनसी चांगली आली ती माझ्या स्वादुपिंडाच्या कर्तबगारीमुळे नव्हे, उपासमारीमुळे. त्यात आणखी भर अशी की ऑपरेशनच्या वेळी मला रक्त चढवलं होतं. एचबीएवनसी तांबड्या पेशींवर चिकटलेली साखर मोजते आणि त्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. अंगात दुसऱ्याच्या पेशी फिरत असताना काढलेला आकडा माझा म्हणायचा की त्यांचा? आणि पुढे लोहाची कमतरता झाली, तिच्यामुळे हाच आकडा उलट खोटा वाढूही शकतो. म्हणून डॉक्टरांनी तूर्त एचबीएवनसीवर विसंबायचं नाही असं ठरवलं आणि ग्लुकोमीटरवर रोजच्या साखरेची वही ठेवायला लावली.

तेव्हा पुन्हा काढलेलं सी-पेप्टाइड आलं ०.९. लॅबची मर्यादा १.१ ते ४.४. शरीर इन्सुलिन बनवतं तेव्हा आधी प्रोइन्सुलिन नावाचा मोठा रेणू बनतो. १९६७ साली डोनाल्ड स्टायनर यांनी तो शोधून काढला. तो तुटला की इन्सुलिन आणि सी-पेप्टाइड सारख्याच संख्येनं सुटतात. इन्सुलिन काही मिनिटांत वापरलं जातं, सी-पेप्टाइड अर्धा तासभर टिकतं, म्हणून मोजायला सोपं. बाहेरून इन्सुलिन टोचलं तरी सी-पेप्टाइड स्वतःचं तेवढंच दाखवतं. आता ०.९ म्हणजे मर्यादेच्या जरासंच खाली. हा आकडा एकटा वाचला असता तर मी निश्चिंत झाले असते. पण त्याच वेळी काढलेली साखर १४८ होती. साखर एवढी चढलेली असताना धडधाकट स्वादुपिंडानं इन्सुलिन जोरात सोडायला हवं होतं, सी-पेप्टाइड वरच्या टोकाला दिसायला हवं होतं. १४८ च्या शेजारचं ०.९ आणि ८५ च्या शेजारचं ०.९ हे दोन वेगळे निकाल आहेत. मूत्रपिंड बिघडलेलं असेल तर सी-पेप्टाइड साचून जास्त दिसतं, म्हणून सोबत क्रिएटिनीनही बघितलं होतं.

या मधुमेहाला टाइप ३सी म्हणतात. नेहमीच्या टाइप २ पेक्षा वेगळा, कारण इथे इन्सुलिन बनवणारं कोठारच लहान झालेलं असतं. इन्सुलिनच्या पेशी स्वादुपिंडाच्या शेपटाकडे जास्त दाट असतात, माझं शेपूट शाबूत, म्हणून थोडक्या इन्सुलिनवर भागलं. पण साखर उतरल्यावर ती सावरायला जो ग्लुकॅगॉन हार्मोन लागतो, तोही स्वादुपिंडाचाच. तो कमी पडला की साखर एकदम घसरते आणि लवकर चढत नाही. एकदा दहावीच्या जादा तासाला फळ्यावर समीकरण लिहिता लिहिता हात थरथरायला लागला, घाम फुटला. मुलींनी पटकन पिशवीतला गूळ काढून दिला. तेव्हापासून माझ्या टेबलाच्या खणात साखरेची पुडी असते आणि ती कुठे आहे हे वर्गाला ठाऊक असतं.

मे महिन्यात घरात हापूस पिकायला लागला तेव्हा यांच्यात आणि माझ्यात बरीच हुज्जत झाली. ह्यांचं म्हणणं, आमच्या कलमांचा आंबा मधुमेहाला चालतो. कुठल्याच झाडाचा आंबा असा वेगळा नसतो. मी आंबा खाल्ला, ग्लुकोमीटरनं आधी आणि दोन तासांनी बघितलं, आणि जेवणात तेवढा भात कमी केला. आता अर्धा आंबा भाताऐवजी, असा तह आहे. आमरस-पुरी मात्र वर्षातून एकदाच.

लोहाच्या सलाईन घेतल्या आणि हिमोग्लोबिन १२ वर स्थिरावल्यावर पुन्हा एचबीएवनसी काढली. ७.२. पहिल्या आकड्यापेक्षा वाईट, पण या वेळी ती वहीतल्या साखरेशी जुळत होती. वजन ५१ होतं. सासूबाईंना मी सांगितलं की हा आकडा जास्त असला तरी चांगला आहे, त्यावर त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की पुढे काही समजावायच्या फंदात पडले नाही.

दुसऱ्या फेरीत ड ३१, अ ३४, आयएनआर १.०, अल्ब्युमिन ३.८. इलॅस्टेज मी पुन्हा करायला निघाले होते, कॅप्सूल घेतल्यावर किती सुधारलं ते बघायला. डॉक्टरांनी थांबवलं. ती तपासणी फक्त माणसाचं इलॅस्टेज ओळखते, डुकराचं नाही. कॅप्सूल कितीही घेतल्या तरी आकडा तोच राहणार, पैसे वाया. कॅप्सूल पुरतात की नाही हे वजन, शौच आणि जीवनसत्त्वांवरूनच बघायचं.

अ जीवनसत्त्वाच्या गोळ्या मात्र आता थांबवल्या आहेत. ते जास्त झालं तर यकृताला आणि हाडांना त्रास देतं, त्यामुळे ३४ वर आल्यावर वेगळा डोस नको, मल्टिव्हिटामिनमधलं पुरे, असं ठरलं. कमतरतेच्या भीतीनं कुणी आपल्या मनानं घेत राहू नये.

ही सगळी यादी दर वेळी करावी लागत नाही. रोज वही, दर तीन महिन्यांनी एचबीएवनसी, आणि वर्षातून एकदा जीवनसत्त्वं, प्रोथ्रॉम्बिन टाइम, फेरिटिन, बी-१२, क्रिएटिनीन. हाडांची डेक्सा तपासणीही सांगितली आहे, ड इतकं खाली गेलेलं होतं म्हणून. खर्च हजारांत जातो, त्यामुळे कुठली तपासणी या वेळी वगळता येईल हे मी डॉक्टरांना आता न लाजता विचारते. यंदा झिंक वगळलं. पावसाळ्यातली दरडीची भानगड नको म्हणून वर्षाचं रक्त दिवाळीनंतर द्यायचं ठरलं आहे, सोमवारी सकाळी, कारण त्या दिवशीची गाडी वेळेवर सुटते असं माझा विद्यार्थी म्हणतो. बायोटिन आधी बंद करायचं याची आठवण तोच फोन करून देणार आहे.